भागधारक

निमंत्रणात छापलं होतं, "भागधारकांशी सल्लामसलत.
बुधवार, सकाळी दहा, सेनापती बापट रस्ता."
अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात
मी चाळीस वर्षं प्रुफं तपासली,
आधी शिशाच्या वासात, मग पडद्याच्या उजेडात.
शब्द चुकला की मला आधी बोटांत कळतं.
भागधारक म्हणजे ज्याचे शेअर असतात.
माझ्या नावावर दोन मूत्रपिंडं आहेत फक्त,
दोन्ही बंद.

बुधवार माझा मशीनचा वार.
तांबोळींनी पहाटे पाचची त्यांची खुर्ची मला दिली.
सुई काढताना सिस्टर रूथ म्हणाल्या,
"बोला तिकडं मोकळेपणानं,
पण पाणी पिऊ नका, फुकटच्या बाटल्या असतात."
धनकवडीहून रिक्षा केली,
कोपराच्या आत अजून कापूस दाबलेला.

आत प्रत्येकापुढे पाटी.
विम्यावाले, औषधवाले, मोठ्या इस्पितळांचा महासंघ,
मागच्या रांगेत मुळशीच्या आशाताई, कल्पना मेंगडे,
मांडीवर वजनकाटा, मोडका, पुरावा म्हणून आणलेला.
माझ्या पाटीवर "डायलिसिस रुग्ण संग".
घ चा ग झालेला.
पेन काढलं, आणि थांबलो.
चूक तरी कशी म्हणू?
आठवड्यातून तीनदा, चार-चार तास,
एका भिंतीला पाठ लावून,
आमचा संगच तर आहे.
मग दुरुस्त केलं. सवय.

विम्यावाल्यांना वीस मिनिटं आणि पडदा.
आम्हाला तीन मिनिटं आणि घंटा.
मी मसुद्याचं पान अडतीस उघडलं:
"डायलिसिस आवश्यकतेनुसार पुरवण्यात येईल."
म्हटलं, साहेब, आवश्यकता कोण मोजणार?
इथं लिहा, आठवड्यातून किमान तीन वेळा,
घरापासून पंचवीस किलोमीटरच्या आत.
आमच्या वत्सला रेणुसे वेल्ह्याहून दोन एसट्या बदलून येतात,
शुक्रवारचं भाडं नसतं,
म्हणून त्या दोनदात भागवतात...
घंटा.
दिल्लीचे साहेब मान हलवून म्हणाले, नोंद घेतली.
शेजारचे औषधवाले माझा हात हातात घेऊन दाबणार,
तेवढ्यात मी डावा हात मागे घेतला.
त्यात फिस्टुला आहे. त्यांना वाटलं, राग.

मेंगडेबाईंचा नंबर जेवणानंतर लागला.
तोवर अर्धी सभा विमानतळाच्या वाटेला.
त्यांनी काटा टेबलावर ठेवला
आणि तो शून्यावर येईना, हे सगळ्यांना दाखवलं.

आठ महिन्यांनी धोरण आलं.
परिशिष्टात आम्ही सत्तेचाळिसावे,
पुन्हा संग.
कलम शोधायला वेळ लागला, पान आता एकसष्ट झालं होतं:
"शक्यतो आठवड्यातून तीन वेळा."
पंचवीस किलोमीटर कुठंच नाही.
सिस्टर रूथनी मोठ्यानं वाचलं, चार खुर्च्यांना ऐकू जाईल असं.
कुणीतरी टाळी वाजवायला गेलं,
एका हातात सुई, वाजली नाही.

तांबोळी म्हणाले, तीन तर आलं ना?
आलं. तीन आपलं आहे.
"किमान" गेलं, त्याच्या जागी "शक्यतो" बसलं,
साडेतीन अक्षरांचा शब्द,
ज्यातून एक अख्खी एसटी निघून जाते.

खिडकीजवळच्या खुर्चीत आता एक नवीन मुलगा बसतो,
ओंकार नावाचा, भोरचा, कानात वायर.
वत्सलाबाई दोनदात भागवत होत्या.
नाही भागलं.

मी लाल पेनानं "शक्यतो" भोवती गोल केला,
समासात काढण्याची खूण केली,
शेजारी लिहिलं: किमान.
ओंकारनं एका कानातली वायर काढून विचारलं,
काका, हे छापून झालंय ना? आता कशाला?
पहिलं प्रूफ आहे, म्हटलं.
आणि पुढच्या बैठकीचा बुधवार
कुणाच्या खुर्चीवर बदलून मिळेल
ते सिस्टरना विचारलं.